पर्समधला खडू

मी तोंडाची फटकळ आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, घरचेच रोज सांगतात. भाजीवाल्यानं वजनात मारलं की मी तिथंच त्याची खरडपट्टी काढते. आमच्या संगीत विद्यालयाच्या सभेत विश्वस्तांनासुद्धा मी चार शब्द सुनावलेले आहेत, आणि त्यांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलेत. एवढं असून एका माणसाला एक साधं वाक्य सांगायला मला चार वर्षं तोंड उघडता आलं नाही. त्या चार वर्षांत त्या माणसाचे कान गेले. ते माझे सर होते, गाण्याचे. मी काय केलं ते आज लिहून ठेवते.

विद्यालय नगरच्या जुन्या भागात, एका बोळाच्या टोकाला आहे. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, आमच्या तोंडी अजून नगरच येतं. सरांच्या गुरुजींनी विद्यालय सुरू केलं तेव्हा ती पिठाच्या गिरणीवरची एक खोली होती. दिवसभर खाली गिरणी घरघरायची, फरशी थरथरायची, तिथं कोण काय गाणार? म्हणून वर्ग गिरणी बंद झाल्यावर, संध्याकाळी साडेपाचला भरायचा. पुढं विद्यालयाची स्वतःची जागा झाली. वीटभट्टीवाल्या एका पालकानं विटा दिल्या, दुसऱ्या कुणी शहाबादी फरशी दिली, आणि चार खोल्या, मध्ये अंगण, अंगणात कडुनिंब, मागं तबल्यासाठी पत्र्याची शेड असं सगळं हळूहळू उभं राहिलं. गिरणी तर कधीच बंद पडली. आमचा वर्ग मात्र आजही साडेपाचलाच भरतो. नवीन पालक विचारतात, "पाचला का नाही हो?" मी म्हणते, "गिरणी चालू असते." बिचारे माझ्याकडे बघतच राहतात.

साडेपाचच्या आधी पहिली तुकडी येऊन सतरंज्या झटकते. तिथं लहान-मोठं काही नाही. बँकेतले साहेब शिकायला येतात तेही झाडू घेतात, आणि फार वाईट झाडतात. शेडमध्ये तबल्याची पोरं हात बडवायला लागतात, पलीकडच्या खोलीत नव्या पोरांच्या पेट्या सुरू होतात, आणि बोळातून कांदे-बटाटेवाला स्पीकर लावून जातो. ह्या सगळ्या गोंगाटाच्या मधोमध, मधल्या खोलीत, थोरला तंबोरा.

थोरला तंबोरा गुरुजींनी मिरजेहून आणलेला. विद्यालयातले बाकीचे पाच तंबोरे त्याच्यावरून मिळवायचे. आणि आमच्याकडचा कडक नियम असा की थोरल्याच्या खुंट्यांना हात लावायचा तो फक्त मुख्य गुरूनं. आधी गुरुजी, त्यांच्यानंतर सर. मोबाईलवरच्या तंबोऱ्याला विद्यालयात बंदी. सर तंबोरा मिळवायचे, गवसणीवर अलगद आडवा ठेवायचे, अंगणातल्या नळावर हातपाय धुवायचे, गुरुजींच्या फोटोपुढं दिवा लावायचे आणि मग येऊन बसायचे. त्यांनी 'सा' लावला की वर्ग सुरू.

तंबोऱ्याला चार तारा. त्यातल्या मधल्या दोन म्हणजे जोडी. दोघींचा सूर एकच. जोडी जुळली की दोन तारा आहेत हे कळतसुद्धा नाही, एकच भरीव आवाज येतो. केसभर फरक राहिला तरी आवाज लाटा मारायला लागतो. ज्याला ती लाट ऐकू येते त्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

मी दहा वर्षांची असताना वडील मला घेऊन तिथं गेले. आम्ही केडगावचे. वडील सुप्याला कंपनीत होते आणि आमच्या बौद्ध वस्तीतल्या गायनपार्टीत गायचे; जयंतीच्या दिवसांत आठ-आठ रात्री घरी नसायचे. गळा माझ्याकडे त्यांच्याकडूनच आला. पण शास्त्रीय गाणं शिकवणारी जागा, बोळातली, जुन्या वळणाची, तिथं पोरीला कसं वागवतील ह्याची त्यांना धाकधूक. फाटकापाशी चप्पल काढून उभे राहिले ते आत येईचनात. सर म्हणाले, "या की." वडील म्हणाले, "सर, गळा हाय पोरीला. पण आमच्या पोरीला ह्या वाद्यांना हात लावू द्याल का, तेवढं आधी सांगा."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. प्रश्न काय आहे ते त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, "सगळ्या तंबोऱ्यांना लावू देईन. थोरल्याच्या खुंट्यांना नाही. तिथं माझ्या पोरालाही हात लावू देत नाही." मग त्यांनी वडिलांनाच गायला बसवलं. माझे वडील, कंपनीचा शर्ट अंगात, डोळे मिटून गायले आणि सरांनी पेटीवर साथ केली. परतताना टमटम घराजवळ आल्यावर वडील म्हणाले, "त्या माणसाला कधी उलटून बोलू नको." मी सगळ्या जगाला उलटून बोलले, पण सरांना कधी नाही. वडिलांचा शब्द मी पाळला, आणि तोच सरांना नडला.

सर म्हणजे जमदग्नी हो! पण कान असे की काय सांगू. शेडमधल्या आठ तबल्यांतून कोणाची चाटी उतरलीय ते मधल्या खोलीतून ओरडून सांगायचे. कुणाच्या पिशवीत मोबाईल थरथरला तरी पिशवीवाल्याचं नाव घ्यायचे. कांदे-बटाटेवाल्याशी तर त्यांचं हाडवैर. त्याचा स्पीकर बोळात शिरला की सर तंबोरा ठेवून फाटकात जायचे आणि त्याचा उद्धार करून यायचे.

विशारद झाल्यावर मी तिथंच शिकवायला लागले. लग्न झालं, मूल झालं, तरी संध्याकाळी साडेपाचला मी विद्यालयातच. आणि मग एका वर्षी आम्हाला वाटायला लागलं की सर निवळले. शेडमधल्या पोरांवर ओरडेनात. कांदे-बटाटेवाला स्पीकर लावून फाटकावरून गेला तरी सर शांत. शिकवताना "छान, छान" म्हणायला लागले. जन्मात ज्यांना त्यांच्याकडून "बरं" ऐकायला मिळालं नाही त्या पोरी घरी जाऊन सांगायला लागल्या की आज सर छान म्हणाले. आम्ही खूश! वयानं माणूस मऊ होतो, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. कानांचा विचार एकाच्याही मनात आला नाही, आणि आम्ही सगळे कानाचं खाणारे लोक.

एके दिवशी सरांनी थोरला मिळवून ठेवला आणि ते नळावर गेले. मी सहज तार छेडली. जोडी लाटा मारत होती. मला वाटलं, हवा दमट आहे, तार उतरली असेल. तंबोऱ्याच्या घोडीखाली बारीक मणके असतात, सूर केसभर वरखाली करायला. मी मणका जरा सरकवला. नियम खुंट्यांचा होता, मणक्यांचा नव्हता, अशी मी स्वतःची समजूत घातली. सर दिवा लावून आले, बसले, 'सा' लावला. त्यांचा 'सा' अगदी जिथं असायचा तिथंच लागला. गळ्याला पन्नास वर्षांची सवय. त्यांना वाटलं, तंबोरा आपणच मिळवलाय.

दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यानंही तेच. सहा महिन्यांत मणक्यानं भागेना, इतकी जोडी हुकायला लागली. मग मी खुंटीला हात लावला. पहिल्यांदा लावला तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. वडिलांना सरांनी दिलेलं उत्तर कानात घुमत होतं. पण करता काय? पुढ्यात पंधरा पोरं गायला बसणार, आणि ती त्या फाटक्या सुरात गळा तयार करणार. थोरल्याची दुसरी खुंटी घसरायची. पिळली की मागं फिरायची. तिला खडू लावला की ती धरून राहते. म्हणून मी वर्गातल्या फळ्याचा एक खडूचा तुकडा पर्समध्ये ठेवायला लागले. सर नळावर जायचे, मी खडू काढायचे. नळ बंद झाल्याचा आवाज आला की खडू परत पर्समध्ये.

हे सगळ्यांना माहीत होतं बरं का. तबल्याच्या सरांना, मोठ्या पोरींना, ऑफिसात पावत्या फाडणाऱ्या काकांना. कुणी बोललं नाही. पोरी तर दाराशी उभ्या राहून नळावर लक्ष ठेवायच्या. आम्हाला वाटायचं आपण केवढी मोठी सेवा करतोय. सरांची लाज राखतोय. मला तर आतून अभिमानच वाटायचा, की ह्या माणसासाठी मी एवढं करते. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. अगं बाई, तो माणूस बहिरा होतोय, त्याला डॉक्टरकडे ने! एवढं साधं पंधरा जणांत एकाला सुचू नये? सुचत होतं. त्यासाठी आधी त्यांना सांगावं लागलं असतं की सर, तुमचा तंबोरा लागत नाही, आणि ते कुणाच्या जिभेवर येत नव्हतं. गवयाला तसं सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याचं तेरावं घालायचं, असं आम्हाला वाटायचं.

अशी चार वर्षं गेली.

मग परीक्षा आली. बाहेरगावचे परीक्षक आले होते, वयानं सरांपेक्षा बरेच लहान. मधल्या खोलीत बसले. सर म्हणाले, "आधी तंबोरा मिळवतो," आणि त्यांनी थोरला मांडीवर घेतला. मिळवला. आणि पाहुणे समोर बसलेले म्हणून त्या दिवशी ते नळावर गेले नाहीत. दिवा त्यांनी आधीच लावून ठेवला होता. मी भिंतीशी बसले होते, पर्स मांडीवर.

पहिली पोर गायला बसली. तार वाजली आणि परीक्षकांनी हात वर केला. "जरा थांबा. तंबोरा बघून घेऊ या?" किती नम्रपणे म्हणाले! सरांना वाटलं पोरीच्या हातून काही झालं. त्यांनी तंबोरा परत घेतला, कान भोपळ्याजवळ नेला, खुंटी पिळली. अजून बिघडला. परीक्षक सतरंजीकडे बघत बसले. सरांनी तिसऱ्यांदा पिळली. घामानं त्यांची कॉलर ओली झाली होती. मग त्यांनी मान वर केली आणि खोलीभर बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे. सगळ्या माना खाली. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग. लागलाय ना?"

चार वर्षांचं वाक्य सांगायची हीच वेळ होती. मी म्हणाले, "लागलाय, सर."

परीक्षकांनी चमकून माझ्याकडे बघितलं. सरांनी त्यांचं ते बघणं बघितलं. कान गेले होते, डोळे शाबूत होते. त्यांनी थोरला उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "मग एकदा तूच मिळव," म्हणाले.

मला वाटलं, पटकन करून टाकावं, म्हणजे हे संपेल. मी घाईघाईत पर्स उघडली, खडू काढला, दुसऱ्या खुंटीला लावला, पिळली, मणका सरकवला. अर्धं मिनिटही लागलं नसेल. जोडी जुळली. खोली एकदम भरून गेली. आणि मी मान वर केली तर सर तंबोऱ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या हातातल्या खडूकडे बघत होते. जिला खुंट्यांना हात लावायची परवानगी नाही तिला कोणती खुंटी घसरते ते ठाऊक, आणि तिच्या पर्समध्ये खडू.

परीक्षा पार पडली. सर शेवटपर्यंत ताठ बसून राहिले, पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून आले. मग अंगणात कडुनिंबाखाली मला म्हणाले, "किती दिवस?"

"चार वर्षं, सर."

त्यांना ऐकू गेलं नाही. मला ते परत, मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं. फाटकाबाहेरच्या माणसानंही वळून बघितलं. "चार वर्षं!"

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "उशीर केलात. सुरुवातीला आला असतात तर मशीनचा खूप उपयोग झाला असता. आता मशीननं बोलणं कळेल. गाणं कळेलच असं नाही." तसंच झालं. मशीन लावल्यावर सरांना कांदे-बटाटेवाला परत ऐकू यायला लागला, पण तंबोरा म्हणजे नुसता पत्रा वाजल्यासारखा वाटतो म्हणाले. आठ दिवसांनी त्यांनी मशीन काढून खिशात ठेवलं.

ते माझ्यावर रागावले नाहीत. रागावले असते, चार माणसांत माझी सालटी काढली असती, तर मी सुटले असते. एकदाच म्हणाले, थोरला माझ्या स्वाधीन केला त्या दिवशी. "माझी लाज राखलीस गं पोरी. पण कान गेले." एवढंच. मी धाय मोकलून रडले आणि ते समोर बसून राहिले, माझं रडणंही त्यांना नीट ऐकू येत नसावं. पुढं ते रोज साडेपाचला यायचे, मी तंबोरा मिळवायचे आणि ते भोपळ्यावर तळहात ठेवून बसायचे. जोडी जुळली की तळहाताला कळतं म्हणायचे. कळायचं की माझं मन राखायचे, मी विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले.

मी मुख्य झाले आणि पहिला नियम मोडला. आता थोरल्याला कुणीही हात लावतं. मी सगळ्यांच्या समोर तो मिळवते आणि विचारते, "लागला का?" ज्याला वाटतं नाही लागला, त्यानं तोंडावर सांगायचं. पण सांगायचं कुणाला धाडस होत नाही हो. माझं तोंड सगळ्यांना माहीत. म्हणून मी अधूनमधून जोडीतली एक तार मुद्दाम उतरवून ठेवते आणि बघते कोण बोलतंय. जो बोलेल त्याला शाबासकी. एखाद्या दिवशी पंधरा जणं मूग गिळून बसतात. मग मी असं काही तोंडसुख घेते की विचारू नका.

गेल्या वर्षापासून पारनेरकडच्या एका गावातून एक बाई येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी, एसटीनं. घरची शेती, लेकीचं लग्न झालं, आता गाणं शिकायचं म्हणतात. पन्नाशीच्या असतील. गावच्या भजनी मंडळात आयुष्य गेलेलं, त्यामुळं सूर पक्का. गेल्या शुक्रवारी मी थोरला मिळवला आणि नेहमीसारखं विचारलं, "लागला का?"

पोरी म्हणाल्या, "हो बाई."

पारनेरकडच्या बाई मात्र पदर सावरत पुढं सरकल्या. "बाई, राग यायचा न्हाई ना? मधली येक तार लई उतारलीया."

"शाबास!" माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की आज मी कुठलीच तार मुद्दाम उतरवलेली नाही.

मी परत छेडली. मला ती लागलेलीच वाटली. एकच भरीव आवाज. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की ह्या बाई, गाणं शिकायला लागून वर्ष नाही झालं, आणि मला शिकवणार? शब्द अगदी ओठांवर आले. मग मी पोरींकडे बघितलं. सगळ्या माना खाली. तशा माना मी एकदा बघितल्या होत्या, ह्याच खोलीत.

"किती दिवस?" मी विचारलं.

पोरींपैकी कुणी बोललं नाही. त्या बाईच म्हणाल्या, "आट-धा दिस झालं असत्याल. मला वाटलं, तुमी परीक्षाच घेताय आमची. पर येवडे दिस परीक्षा कुनी घेतं व्हय?"

आठ-दहा दिवस. मी थोरला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. पर्स उघडली, खडू काढून त्यांच्या हातात दिला आणि दुसरी खुंटी घसरते म्हणून सांगितलं. त्या तार लावायला लागल्या. मी फोन काढला आणि सगळ्यांच्या देखत कानाच्या डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवशीचा नंबर लावला.